आइंडहोव्हनला जायचं ठरतंय – मुलांना डच शाळा की इंटरनॅशनल? (मुलगी १०, मुलगा ५)

रेवती_बाणेर

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आधी असा धागा झाला असेल तर लिंक द्या प्लीज.

नवऱ्याला आइंडहोव्हनहून (नेदरलँड्स) ऑफर आलीये. चिपच्या मशीनचे सुटे भाग करणारी कंपनी आहे, पहिलं कॉन्ट्रॅक्ट वर्षाचं, पुढे पर्मनंट करू असं तोंडी म्हणालेत. सही अजून केलेली नाही. घर, व्हिसा, थंडी सगळ्याची माहिती मिळतेय पण शाळेचं काही केल्या सुटत नाहीये आणि खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष त्यातच असतं.

मुलगी १० ची, ऑक्टोबरात ११ होईल, सीबीएसईची पाचवी झाली. वाचायची प्रचंड आवड, इंग्लिश चांगलं, स्वभावाने बुजरी, नवीन लोकांत मोकळी व्हायला वेळ घेते. मुलगा ५ चा, सीनियर केजी झालं, त्याला कुठेही सोडा तो खेळायला लागतो. डच दोघांनाही शून्य. घरी मराठीच बोलतो.

अॅमस्टलव्हेनला (अॅमस्टरडॅमजवळ) माझी मैत्रीण आहे ती म्हणते डोळे झाकून डच शाळेत घाल, फी नाही, घराजवळ असते, सहा महिन्यात पोरं बोलायला लागतात, इंटरनॅशनल म्हणजे पैसे वाया. नवऱ्याच्या ऑफिसमधला एक जण अगदी उलट सांगतो, की तिकडे बाराव्या वर्षी मूल कुठल्या लाइनला जाणार ते ठरतं आणि आपल्या मुलांना भाषा येत नसते म्हणून ती खालच्या लाइनला जातात. दोघंही स्वतःच्या अनुभवातूनच बोलतायत, मग मी कोणाचं धरू?

किती वर्षं राहणार तेही नक्की नाही. सासरे धरून चाललेत की तीन-चार वर्षांत परत येऊ. नवरा म्हणतो बघू. दोघांना एकाच शाळेत घालणं मला सोयीचं वाटतंय पण ते बरोबर आहे का? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, मोठ्या पोस्टी चालतील.

वेल्डहोव्हनकर

रेवतीताई, सही केलेली नाही हे फार बरं झालं, का ते खाली लिहितो.

आधी शाळांचे प्रकार, कारण इंटरनॅशनल म्हटलं की लोक सगळं एकाच टोपलीत टाकतात. इथे दोन जातीच्या इंटरनॅशनल शाळा आहेत. एक पूर्ण खाजगी, अॅमस्टरडॅम-हेगच्या बाजूला जास्त, वरच्या वर्गांची फी वर्षाला २० हजार युरोच्या पुढे सहज जाते, ती कंपनी भरत असेल तरच विचार करायचा. दुसऱ्या डच इंटरनॅशनल शाळा, या सरकारी अनुदानावर चालतात म्हणून फी बरीच कमी, साधारण ५ ते १० हजार युरो वर्षाला, प्राथमिकला कमी आणि माध्यमिकला जास्त. अशा देशभरात वीसेक आहेत. आइंडहोव्हनची इंटरनॅशनल स्कूल यातलीच. जुन्या लष्करी बराकींच्या जागेवर कॅम्पस आहे, प्राथमिक-माध्यमिक दोन्ही तिथेच, वरच्या वर्गांना आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम.

अनुदान असल्यामुळे कोणालाही प्रवेश मिळत नाही. मूल डच नागरिक नसेल आणि आई किंवा वडील इथे मर्यादित काळासाठी कामाला आले असतील तर मिळतो, आणि त्यासाठी कंपनीचं पत्र लागतं. हे पत्र वेळेत मिळवणं हेच एक काम असतं, एचआर ढकलाढकली करतं.

आता सहीचं. मिस्टरांना थर्टी पर्सेंट रुलिंग (बाहेरून आलेल्या कुशल लोकांच्या पगाराचा काही भाग टॅक्समुक्त ठेवायची सवलत) मिळणार असेल तर इंटरनॅशनल शाळेची फी कंपनी त्याच्यावर वेगळी, टॅक्स न लागता देऊ शकते. म्हणजे कायदा परवानगी देतो, कंपनीवर सक्ती नाही. म्हणून हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यायचं. एकदा सही झाली की नंतर कोणी देत नाही. ज्यांनी आधी मागितलं त्यांना निदान निम्मी फी तरी मिळालेली मी बघितलीये. आणि रुलिंग जास्तीत जास्त ५ वर्षं असतं, २०२७ पासून ३० चे २७ टक्के होतायत, तेव्हा सहाव्या वर्षी फी संपूर्ण तुमच्या खिशातून जाणार हे धरून हिशोब करा.

आणि शेवटचं, नवरा म्हणतो बघू, हे चालणार नाही हो. डच शाळा की इंटरनॅशनल हा प्रश्न खरा किती वर्षं हाच आहे. दोघांनी एक संध्याकाळ बसून आकडा ठरवा. नंतर बदलला तरी चालेल पण आकडा असू दे. तीन म्हणालात तर एक उत्तर येतं आणि दहा म्हणालात तर दुसरं.

मृणाल_ए

वेल्डहोव्हनकर यांना +१, विशेषतः लिहून घ्यायच्या मुद्द्याला.

एक राहिलं. डच शाळेत फी नसते पण पालकांकडून ऐच्छिक वर्गणी मागतात, वर्षाला थोडेच पैसे असतात, नाही दिली तर मुलाला सहलीतून वगैरे वगळता येत नाही. पुस्तकंही शाळेचीच. खर्च येतो तो शाळेनंतरच्या पाळणाघराचा म्हणजे बीएसओचा. बुधवारी बऱ्याच शाळा दुपारीच सुटतात. सरकारकडून बीएसओचा भत्ता मिळतो पण आईवडील दोघंही काम करत असतील तर. रेवती, तू नोकरी करणार आहेस का? कारण किती वाजता कोणाला कुठून आणायचं हे सगळं त्यावर आहे. नवऱ्याचं हायली स्किल्ड परमिट असेल तर तुला कामाला वेगळं परमिट लागत नाही.

समीर७९

मला वाटतं लोक उगाच घाबरवतात. आम्ही आलो तेव्हा मुलगा ८ चा होता. वर्षभर न्यूकमर क्लास (नवीन आलेल्या मुलांचा भाषावर्ग), मग नेहमीच्या शाळेत ग्रुप ६. आज व्हीडब्ल्यूओ ला आहे, म्हणजे सगळ्यात वरची लाइन, फुटबॉल क्लबात आहे, गल्लीत पाच मित्र आहेत, आमची पत्रं तोच वाचून दाखवतो. इंटरनॅशनलवाली मुलं दर उन्हाळ्यात निरोप समारंभ करत असतात, आज बेस्ट फ्रेंड आहे आणि जूनमध्ये सिंगापूरला. शेजाऱ्यांशी एक वाक्य बोलता येत नाही. देशात राहायचं तर देशाच्या शाळेत जावं हे माझं स्पष्ट मत आहे. मुलं लहान असतात तोवर भाषा शिकतातच.

निशिगंध

समीर, तुमच्या मुलाचं कौतुक आहे आणि मित्रांचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण ८ आणि ११ मध्ये इथे जमीन-अस्मानाचा फरक आहे. मी इथल्या ब्राबांट प्रांतातल्या एका न्यूकमर क्लासला शिकवते, दरवर्षी हीच गोष्ट डोळ्यासमोर बघते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे प्राथमिक शाळा ग्रुप १ ते ८. मूल चौथ्या वाढदिवसानंतर येतं, सक्ती पाचव्यापासून. ग्रुप १-२ म्हणजे खेळ, गाणी, वाळू, पाणी. वाचन-लेखन ग्रुप ३ ला सुरू होतं, साधारण सहाव्या वर्षी. म्हणजे रेवतीचा मुलगा ग्रुप २ ला येईल आणि वर्गातली बाकीची मुलंही अजून अक्षरं शिकलेली नसतील. त्याला काहीच भरून काढायचं नाहीये. त्याच्यासोबतच सगळे ग्रुप ३ ला वाचायला शिकतील. बहुतेक ठिकाणी इतक्या लहान मुलांना सरळ जवळच्या शाळेतच घेतात, वेगळा भाषावर्ग लागत नाही. त्याच्याबाबतीत मला तरी काही शंका वाटत नाही.

मुलीचं वेगळं. ती ऑगस्टमध्ये वयाप्रमाणे ग्रुप ७ ची. पुढच्या वर्षी ग्रुप ८ आणि ग्रुप ८ च्या जानेवारीत शाळा तात्पुरता सल्ला देते की हिने पुढे कुठे जावं. व्हीएमबीओ म्हणजे व्यवसायशिक्षणाकडे नेणारी लाइन, ४ वर्षांची, त्यातही चार पातळ्या, हावो मधली, ५ वर्षांची, व्हीडब्ल्यूओ ६ वर्षांची. युनिव्हर्सिटीला थेट जायचं तर व्हीडब्ल्यूओ. नंतर जानेवारीच्या शेवटी नाहीतर फेब्रुवारीत परीक्षा असते, मार्चच्या मध्यापर्यंत निकाल, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात देशभर एकाच वेळी माध्यमिकचे अर्ज. २०२४ पासून असं आहे की परीक्षेत सल्ल्यापेक्षा वरचं आलं तर शाळेने सल्ला वर न्यायचा, न नेण्याला तसंच कारण लागतं. हा चांगला बदल आहे. पण परीक्षा डचमध्ये. इथे येऊन ४ वर्षं झालेली नसतील आणि भाषा पुरेशी येत नसेल तर परीक्षेतून सूट मिळू शकते, म्हणजे मग सगळा भार शिक्षकाच्या सल्ल्यावर. दीड वर्षापूर्वी शून्य डच असलेल्या मुलीबद्दल शिक्षक किती ठामपणे व्हीडब्ल्यूओ म्हणेल? काही म्हणतात. मी स्वतः म्हणते आणि त्यासाठी भांडतेही. पण सगळ्यांची ती तयारी नसते आणि पुढची शाळाही कचरते.

आपल्या पालकांना वाटतं गणित तर चांगलं आहे ना, ते सांभाळून नेईल. इथलं गणित बरंचसं शाब्दिक असतं. चार ओळींची गोष्ट, त्यात सवलतीचा दर, सायकलचा वेग, टाइल्सची रुंदी, आणि मग प्रश्न. पाढे १९ पर्यंत पाठ असलेली मुलं माझ्यासमोर त्या चार ओळींशी अडून बसतात. हुशारी कुठेही गेलेली नसते, पण कागदावर मार्क कमी दिसतात आणि मूल स्वतःबद्दल काहीतरी वेगळंच ठरवून टाकतं. ते मला सगळ्यात जास्त लागतं.

त्यामुळे साधारण आठ-नऊ पर्यंतचं मूल असेल आणि पाच वर्षांच्या वर राहायचं असेल तर मी बेधडक डच सांगते. बारा-तेराच्या पुढे असेल आणि फी परवडत असेल तर इंटरनॅशनल, न परवडल्यास आयएसके असते, १२ ते १८ ची मुलं तिथे आधी भाषा शिकतात आणि मग मुख्य शाळेत जातात. दहा-अकरा हे मधलं वय सगळ्यात अवघड. आणि रेवतीची मुलगी नेमकी तिथेच आहे.

समीर७९

निशिगंध, मान्य, ग्रुप ६ आणि ७ चा फरक मी धरला नव्हता. तरी एक विचारतो, एकदा हावोला गेलं की संपलं असं नाही ना? माझ्या माहितीत हावो करून व्हीडब्ल्यूओ ला गेलेले आहेत.

निशिगंध

अजिबात संपत नाही, रस्ते आहेत. पहिलं वर्ष बऱ्याच शाळांत मिश्र असतं, तिथून वर जाता येतं. हावो पास झालं की व्हीडब्ल्यूओ च्या पाचव्या वर्षाला जायचा हक्कच आहे २०२० पासून. किंवा हावोनंतर हॉगस्कूल (प्रत्यक्ष कामाकडे झुकलेलं उच्च शिक्षण), तिथलं पहिलं वर्ष पूर्ण करून युनिव्हर्सिटी. पण हे मुलाला सांगायला लागतं की रस्ता लांबचा आहे, तू कमी नाहीस.

अथर्व_आइंडहोव्हन

आई हा धागा वाचत होती, तिने मला लिही म्हटलं. मी ११ चा असताना नाशिकहून आलो, म्हणजे ताईंच्या मुलीएवढाच. आता इथे टेक्निकल युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी टायपिंग कच्चं आहे सांभाळून घ्या.

मी डच शाळेत गेलो. मला सल्ला मिळाला व्हीएमबीओ च्या वरच्या पातळीचा / हावो असा जोडून. आईबाबा खूप नाराज झाले होते, मला तेव्हा एवढं कळलं की मी काहीतरी वाईट केलंय. पहिलं वर्ष मी वर्गात बोलतच नव्हतो, कळत होतं बरंच पण वाक्य डोक्यात नीट जमेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. माझं सावरलं ते फुटबॉल आणि एका गणिताच्या सरांमुळे. त्यांनी माझा पेपर मला तोंडी इंग्लिशमध्ये सोडवायला सांगितला आणि मग हावोच्या वर्गात टाकायला लावला. हावो पूर्ण केलं, मग दोन वर्षं व्हीडब्ल्यूओ. म्हणजे एक वर्ष जास्त लागलं, बस. आज डच, इंग्लिश, मराठी तिन्ही येतं आणि पार्टटाइम जॉब मला माझ्या इंटरनॅशनलवाल्या मित्रांपेक्षा लवकर मिळाला कारण दुकानात डच लागतं.

पण मी बुजरा नव्हतो. जी मुलं आधीच कमी बोलतात त्यांना पहिली दोन वर्षं फार जड जातात, माझ्यासोबत क्लासमध्ये एक मुलगी होती भारतातलीच, ती जेवायच्या सुट्टीत वाचत बसायची, नंतर तिच्या आईवडिलांनी तिला इंटरनॅशनलला हलवलं आणि तिथे ती डिबेटमध्ये वगैरे गेली. शाळा वाईट नव्हती, तिला ज्या भाषेत बोलता येत होतं ती भाषा तिथे मिळाली. ताई, मुलीला दोन्ही शाळांच्या वेबसाइट दाखवा आणि तिला काय वाटतं ते खरंच विचारा, नुसतं तोंडदेखलं नाही.

मृणाल_ए

अथर्व, फार छान लिहिलंयस. लिहीत जा इथे.

रेवती_बाणेर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. निशिगंध, तुमची पोस्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. अथर्व, तुझी मुलीला दाखवली, ती काही बोलली नाही पण दोनदा वाचली.

आम्ही काल बसलो. आकडा काढायला गेलो तर तो ७ म्हणाला आणि मी ४, मग बराच वेळ बोललो आणि शेवटी मुलीची बारावी होईपर्यंत तिथेच असं धरायचं ठरलंय, म्हणजे मध्येच हलवायचं नाही. त्या हिशोबाने सात-आठ वर्षं.

आता दोन शंका. इंटरनॅशनलला घातलं आणि तिकडेच राहिलो तर डच न येणाऱ्या मुलीचं पुढे काय? आणि उलट, काही कारणाने दोन-तीन वर्षांत परत यावं लागलं, सासूबाईंची तब्येत हे एक कारण आहेच, तर मुलाचं काय, तो डचमध्ये वाचायला शिकलेला असेल. इथल्या शाळेत कसं व्हायचं?

कोथरूडची_मीनल

दुसऱ्या शंकेचं मी सांगते, आम्ही परत आलोय. युट्रेख्तला होतो, धाकटी डच शाळेत होती, परत आलो तेव्हा ९ ची.

तिकडे इंग्लिश सक्तीने ग्रुप ७-८ मध्येच येतं, काही शाळा आधी सुरू करतात पण गाणी-रंग एवढंच. त्यामुळे ती कोथरूडच्या इंग्लिश मीडियम शाळेत आली तेव्हा इंग्लिश बोलायची थोडंफार पण लिहिणं जवळपास नाही. गणितात समज उत्तम, वेग नाही, पानभर बेरजा वेळ लावून करायची सवयच नव्हती. इतिहास-भूगोल उत्तरं पाठ करणं हा प्रकार तिला कळेचना, विचारायची हे मी माझ्या शब्दांत लिहिलं तर का चालत नाही. शाळेने सुरुवातीला खालच्या इयत्तेत घ्यायचं म्हटलं, आम्ही अडून बसलो, वर्षभर घरी रोज इंग्लिश केलं आणि मग रुळली.

मराठीचंही बघून ठेवा. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झालीये, सीबीएसई-आयसीएसई-आयबी काहीही असो. परत आलं की सहावी-सातवीच्या मुलांसोबत मराठीचा पेपर असतो. आम्ही घरी बोलत होतो म्हणून बोलणं होतं, पण जोडाक्षरं लिहिता येत नव्हती. तिकडे असताना आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं तरी मराठी आणि इंग्लिश लिहून घ्या. एवढं ठेवलंत तर पाच-सात वर्षांचं मूल परत आलं तरी काही बिघडत नाही.

मोठ्या मुलांचं मात्र परत येणं शाळेवर फार अवलंबून असतं. आयबी किंवा केंब्रिजमधून आलेल्याला पुण्यात तशा शाळा आहेत, महाग आहेत पण आहेत. डच माध्यमिक अर्धं सोडून आलेल्या १४ वर्षांच्या मुलाला नववीत बसवणं, तेही दहावीच्या तोंडावर, ते मी एका कुटुंबाचं बघितलंय आणि मुलाचे फार हाल झाले. रेवती, परत यायची अगदी थोडी जरी शक्यता असेल तरी मुलीसाठी इंटरनॅशनल हेच मला योग्य वाटतं. आणि बारावीपर्यंत नक्की राहणार असाल तर आयबी डिप्लोमा भारतात बारावीसारखा धरतात, पण इंजिनिअरिंगसाठी कोणते विषय कोणत्या लेव्हलला लागतात ते अकरावीत जायच्या आधी बघा, गणित-फिजिक्स खालच्या लेव्हलला घेतलं की नंतर हात बांधले जातात. सीईटीतून महाराष्ट्राच्या कोट्यात यायचं तर डोमिसाइलचे नियम वेगळे वाचावे लागतील.

वेल्डहोव्हनकर

पहिल्या शंकेचं माझं मत. डच न येता इथे मोठं होणं सोपं नाही आणि दिवसेंदिवस अवघड होतंय. इंग्लिशमधले बॅचलर कोर्स कमी करायची चर्चा सरकारात काही वर्षं चालूये, ती कुठे जाऊन थांबेल त्यावर मी मुलीचं भविष्य टांगून ठेवणार नाही. पण इंटरनॅशनलला गेली म्हणजे डच येणारच नाही असंही नाही. तिथे डच विषय असतो, तो दुय्यम समजू नका. शाळेबाहेर एक गोष्ट पूर्ण डचमध्ये करू द्या, हॉकी, पोहणं, स्काउटिंग, लायब्ररी, काहीही. आइंडहोव्हनच्या लायब्ररीत लहान मुलांना फुकट कार्ड मिळतं, तुमची वाचणारी आहे म्हणालात ना. वयापेक्षा लहान मुलांची डच पुस्तकं तिला लाज न वाटता वाचू द्या.

माध्यमिकला द्विभाषिक शाळा हाही एक प्रकार आहे, डच शाळाच पण सुरुवातीच्या वर्षांत जवळपास निम्मे तास इंग्लिशमध्ये. बऱ्याच भारतीयांना वाटतं हा मधला मार्ग. तो तुमच्या मुलासाठी पुढे उत्तम आहे. मुलीसाठी नाही, कारण प्रवेशाला डच लागतंच आणि सल्लाही लागतो.

दोन मुलं दोन शाळांत याला घाबरू नका. दोघांना एकाच ठिकाणी घालायचं म्हणून एकाचं नुकसान करणं मला पटत नाही. साडेआठला दोन्हीकडे शाळा असते, पण मुलगी सायकल शिकली की सहा महिन्यात स्वतः जाते. सायकल मात्र पुण्यातच पक्की करून आणा, एका हाताने चालवून दुसऱ्याने वळायची खूण करता आली पाहिजे.

मृणाल_ए

सुट्ट्यांचं सांगायचं राहिलं, भारतीयांना याचाच फटका बसतो. शाळा चालू असताना तिकीट स्वस्त आहे म्हणून मुलांना घेऊन जाता येत नाही. दंड होतो, शाळा कळवते. डच इंटरनॅशनललाही हाच नियम. दिवाळीला धार्मिक सणाची म्हणून रजा मिळते, साधारण एक दिवस, आधी लेखी कळवायचं. उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवडे आणि दक्षिण विभागाच्या तारखा अॅमस्टरडॅमच्या बाजूपेक्षा वेगळ्या असतात, मैत्रिणीच्या तारखा बघून तिकीट काढू नको.

निशिगंध

कागदांचंही बघून घ्या. दोघांचे जन्मदाखले अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून आणा, नोंदणीला गेमेंटेत म्हणजे नगरपालिकेत लागतात. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड. आणि मुलीच्या इथल्या वर्गशिक्षिकेकडून इंग्लिशमध्ये अर्धं पान लिहून घ्या, तिला काय येतं, काय आवडतं, कशात वेळ लागतो. प्रगतिपुस्तकातले ग्रेड इथल्या शिक्षकांना काही सांगत नाहीत. असं अर्धं पान घेऊन आलेली मुलं माझ्याकडे पहिल्या आठवड्यापासून वेगळी कळतात.

मुलाला शाळेत डच लवकर यावं म्हणून घरी डच बोलायला लागू नका. मोडक्या डचपेक्षा चांगली मराठी घरात असू दे, त्याला गोष्टी मराठीत सांगा, भरपूर बोला. ज्याच्याकडे एका भाषेत शब्द आहेत त्याला दुसरीत ठेवायला जागा सापडते. हे मी प्रत्येक पालकाला सांगते, तुर्की असो, सीरियन असो की मराठी.

रेवती_बाणेर

ठरलं एकदाचं. मुलगी इंटरनॅशनलला, मुलगा जवळच्या डच शाळेत. मुलीला नीट विचारलं, ती म्हणाली मला पहिल्या दिवशी टीचर काय म्हणतायत ते कळलं पाहिजे, एवढंच. त्यानंतर आम्हाला फार चर्चा करावी लागली नाही.

नवऱ्याने एचआरला मेल केली, ते पूर्ण फी नाही म्हणाले पण पहिली तीन वर्षं अर्धी द्यायला तयार आहेत आणि ते ऑफर लेटरमध्ये घालून पाठवतायत. वेल्डहोव्हनकर, हे केवळ तुमच्यामुळे. पत्रही त्यांच्याकडूनच मागितलंय. सासऱ्यांनाही सगळं समजावून सांगितलं, त्यांना सात-आठ वर्षं ऐकून वाईट वाटलं, पण म्हणाले मुलीला मधेच उपटू नका.

आता शेवटची शंका. इंटरनॅशनलने कळवलंय की तिच्या वर्गाला सध्या वेटिंग आहे, ऑगस्टला जागा मिळेलच असं नाही. मग काय करायचं? घरी ठेवायचं का?

निशिगंध

घरी ठेवता येणार नाही, त्या वयाच्या मुलाला सक्ती लागू होते. वेटिंग लिस्टवर नाव राहू दे, आणि तोवर तिला न्यूकमर क्लासला घाला, गेमेंटेत नाव नोंदवलं की तिथेच विचारा कुठे जागा आहे. फी नाही. तिथे सगळीच मुलं नवीन असतात, कोणालाच भाषा येत नसते, त्यामुळे बुजऱ्या मुलीला तो वर्ग नेहमीच्या डच वर्गापेक्षा बरा जातो. इंटरनॅशनलची जागा मिळाली की हलवा, तोपर्यंत जे डच मिळेल ते कामाचंच.

वेल्डहोव्हनकर

आणि इंटरनॅशनलच्या अॅडमिशन ऑफिसला दर महिन्याला एक छोटी मेल टाकत राहा की आम्हाला अजून जागा हवी आहे. जून-जुलैमध्ये लोकांच्या बदल्या होतात आणि अचानक जागा सुटतात. कंपनीचं पत्र आणि कागद तयार असतील तर तुमचं काम लगेच होतं. घर शोधायला सुरुवात केलीत की इथे सांगा, मुलाच्या शाळेसाठी कुठला भाग बघायचा ते सांगतो, जवळच्या शाळाही भरलेल्या असतात, त्यामुळे घराचा करार करायच्या आधी शाळेला फोन करायचा.